कोंबडीच्या पायाची तार

"पडली का हो, बाई?"

गिरडच्या टेकडीवरच्या आमच्या शाळेत आला की मिस्त्रीचा पहिला प्रश्न हाच. पडली, म्हणजे वीज! राम राम नाही, पाणी नाही. सायकल भिंतीला टेकवायची आणि छपरावरच्या, वीज झेलणाऱ्या तांब्याच्या दांड्याकडे बघत राहायचं. गाव म्हणे, याचं डोकं सरकलंय. तुम्हीही तेच म्हणाला असता.

तो दांडा त्यानेच बसवला होता. टेकडी मुरमाची, ठणठणीत कोरडी. ओल फक्त खाली नाल्याकाठी. म्हणून या पठ्ठ्याने दांड्याची तार जमिनीखालून पार नाल्यापर्यंत नेली आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "आता वीज सरळ नाल्यात आंघोळीले जाते, पाहा!"

वैशाखात वीज पडली. नाल्याकडे फिरकलीसुद्धा नाही, वर्गाची भिंत फोडून गेली. सुट्टी होती म्हणून पोरं वाचली.

तो आला, भिंतीवरून हात फिरवला आणि मटकन खाली बसला. जेवलाही नाही. तडक नागपूरच्या इंजिनिअरसाहेबांना विचारून आला. "साधा करंट लांब चालत जाते, बाई. विजेले तेवढा दमच नाई. दूरचं टोक तिच्या कामाचं नाई. तिले दांड्याखालीच, पहिल्या पावलाले, चार वाटा पाह्यजेत."

मग त्याने भिंत पुन्हा उभी केली आणि दांड्याखाली, तिच्या पायथ्याशीच कोंबडीच्या पायासारखे आखूड चर खणले, तीन बोटं पुढे, एक मागे. त्यात तारा, आणि ओल धरायला कोळसा, मीठ.

"आता अंडी कधी घालते?" मी विचारलं. तो हसला नाही. कुदळ धूत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हिच्यावर वीज पडू द्या. भिंत टिकली, तर हिंगणघाटले तुमच्या भावाकडे येतो. मागणी घालायले."

अहो, वीज पडावी म्हणून आभाळाकडे डोळे लावून बसलेली बाई पाहिलीत कधी? मी बसले. ढग यायचे, गडगडायचे आणि मेले समुद्रपूरकडे निघून जायचे. तो सायकल हाणत यायचा. मी नाही म्हणून मान हलवायची. चहा पिऊन परत जायचा.

शेवटी मीच म्हटलं, "चुलीत गेली ती वीज! असेच जा भावाकडे."

"नाई बाई. एकदा भिंत फोडली म्या. पोरं बसतात तिच्याखाली. कोणत्या तोंडानं जाऊ?"

असा संताप आला! आणि त्या संतापासकट तो मला हवा होता.

श्रावणात तो विषमज्वराने गेला. मला कळलं ते बाजारात, कुणाच्या तरी बोलण्यातून. मला कोण कळवणार? मी त्याची कोण होते?

आश्विनात, भरल्या वर्गात, वीज त्या दांड्यावर पडली. कानठळ्या बसल्या. पोरं किंचाळत मला बिलगली. एकालाही खरचटलं नाही. भिंतीला साधा तडा नाही.

"आपण वाचलो ना बाई? मंग काऊन रडून राह्यल्या?"

पोरांना घरी धाडलं. रिकाम्या वर्गात त्या भिंतीला पाठ लावून बसले. मागणी घालायला आता कुणी येणार नव्हतं. तरी मी मोठ्याने सांगून टाकलं, "माझा होकार आहे."