नवस बायकोचा, पाय किसनरावचे

कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, त्या सालांतली गोष्ट. पोळा झाला अन् किसनरावच्या पाखऱ्या बैलानं चारा सोडला. इकडं डॉक्टरच्या सुया चालू, तिकडं बायकोचा, भागीरथाबाईचा नवस. "माय रेणुके, पाखऱ्याले उठव, आमचे मालक माहूरले अनवाणी येतीन."

बैल उठला. सुईनं की नवसानं, हा वाद कोणी काढला नाही. डॉक्टरला गावरान कोंबडा पोचला अन् देवीच्या वाट्याला किसनरावचे पाय आले.

"नवस तुवा बोलला, मंग पाय माह्ये कायले देल्ले?"

"माह्ये दुखते," भागीरथाबाई म्हणाली. अन् चपला घालून सोबत निघाली, नवऱ्यावर ध्यान ठेवायला.

नवरात्रात पांढरकवड्याकडून पदयात्रा निघाली. तिसऱ्या दिवशी किसनरावच्या तळव्यांचे मोठे फोड फुटले होते, लहाने रांगेत होते. डांबर असं तापलेलं की म्हशीसुद्धा कडेच्या गवतातून चालत. त्या सकाळी किसनराव पिशवी घेऊन झुडपाआड गेला तो बऱ्याच वेळानं आला. आला अन् त्याची चाल सुधारली. दुपारपर्यंत इतकी सुधारली की बायकोला शंका आली.

"पाय दाखवा."

"पाय काय पाह्यतं वं? चालू दे."

"दाखवा म्हन्ते ना."

धोतर वर झालं. दोन्ही तळव्यांना कापूस, वरून दुपट्ट्याच्या चिंध्या. घरात पडून राहिलेला मागल्या सालचा कापूस त्यानं उशीत ठासून आणला होता, ती उशीच फोडली होती.

झेंडा धरणारे सदाशिवराव मागं आले. तेही अनवाणीच, अन् नवसाच्या बाबतीत भलते कडक. त्यांनी वाकून पाह्यलं. "हे त जोडेच झाले, किसनभाऊ. नवस मोडला."

"जोडे कशे? व्यापाऱ्यानं हा कापूस हातात घेऊन पाह्यला, म्हने हा काईच नाही. एवढा जानता मानूस म्हन्ते काईच नाही, मंग माह्या पायात काय हाय? काईच नाही."

माणसं हसली. भागीरथाबाई हसली नाही. "तिकडं पाखऱ्या पुन्हा बसला असन त?"

देवीवर किसनरावचा विश्वास होता, बैलावर जीव होता. तो खाली बसला, गाठ सोडली अन् कापूस ओढला. फुटलेल्या फोडाला कापूस घट्ट चिकटलेला. तोंडातून रेणुकामायचं नाव निघायचं, ते सोडून व्यापाऱ्याच्या आईचा उद्धार निघाला.

"थांबा," भागीरथाबाई म्हणाली. "पहिले घरी इचारू."

फाट्यावर फोनचं दुकान होतं. तिनं पोराला, कपिलला फोन लावला.

"कपिल, पाखऱ्या काय करून राह्यला?"

"काय करन? खाऊन राह्यला."

"कवापासून?"

"सकाळपासून. तुह्या सुनेनं मुंगाची डाळ वाळू घातलती, ते खाल्ली. तिनं झाडू फेकून मारला, त थोही खाल्ला."

फोन ठेवून भागीरथाबाईनं निकाल दिला. "सकाळपासून यायनं कापूस बांधला अन् सकाळपासूनच बैल खाऊन राह्यला. मायले चालते. बांधा."

किसनरावनं पुन्हा गाठ मारली. सदाशिवराव हलले नाहीत. झेंडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला.

"किसनभाऊ, उशीत अजून हाय का थोडासाक?"

"हाय ना. तुमचा नवस कशाचा?"

"सासूच्या दम्याचा."

"मंग पहिले फोन लावा बाप्पा. उद्या बुढी गेली त बालंट माह्या कापसावर."

हे ऐकून दुकानापुढं अनवाण्यांची रांग लागली. कोणाच्या नातवाचा ताप, कोणाच्या विहिरीचं पाणी, ज्याला त्याला कापूस बांधायच्या आधी घरी विचारायचं होतं. सगळ्यांत पुढं सदाशिवराव, झेंडा काखेत दाबून, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असे फोनवर सासूशी ओरडत होते.

"मामीजी, दम कसा हाय? ... नाही वो, काही झालं नाही. ... मी म्हन्तो, जरासाक श्वास घेऊन दाखवा ना."

बाजूला किसनराव मूठभर कापूस धरून उभा होता. म्हातारीचा श्वास आपल्या कानानं ऐकल्याशिवाय तो मूठ सोडणार नव्हता.