अकराव्या कलमातले दोन शब्द

आमच्या घरात पेपर यायच्या आधी पत्रकं यायची. सोलापुरात बाबा विडी कामगारांच्या युनियनचं काम करायचे आणि छापखान्यातून आलेले गठ्ठे पहिल्यांदा आमच्याच पलंगावर पडायचे. तिहेरी घडी मी सहाव्या वर्षी शिकले. घडी नखाने दाबायची नाही, लाकडी पट्टीने दाबायची, कारण ओली शाई नखाला लागते आणि मग ती पोळीलाही लागते.

बाबांचा नियम एकच होता. माणूस पत्रक चालता चालता वाचतो. कोपऱ्यावर वळेपर्यंत जेवढं वाचेल तेवढंच त्याच्या डोक्यात जातं. म्हणून मुख्य मागणी सगळ्यात वर, जाड अक्षरात, आणि बाकीचं पुराण खाली. दहावीला निबंधात मला कमी गुण मिळाले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "तू पहिल्या ओळीतच ओरडतेस." घरी बाबांना त्याचा केवढा अभिमान!

आता मी दुबई मरीनामध्ये, काचेच्या एका इमारतीत काम करते. आमची कंपनी परिषदा भरवते. आज दातांच्या डॉक्टरांची, उद्या सिमेंटवाल्यांची, परवा शांततेची. फोनवर बाबा विचारतात, "काय कॉम्रेड, शेखांच्या राज्यात क्रांती कुठवर आली?" मी म्हणते, "लिफ्टपर्यंत." आम्ही दोघं हसतो. मग पगार झाला का, हे ते विचारत नाहीत आणि मी सांगते.

ऑफिसात माझी एकच मैत्रीण. वयाने ती माझ्या आईएवढी आहे. मी तिला खाला म्हणते. हिंदीत आणि अरबीत दोन्हीकडे खाला म्हणजे मावशी, त्यामुळे तेवढं आमच्यात ठरवावं लागलं नाही. ती मला बिंती म्हणते, माझी मुलगी. परिषदेत काचेच्या केबिनमध्ये बसून ती अरबीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं अरबी करते. तिच्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिचे लोक अजून तिथे आहेत.

तो देश गरीब आहे, पण त्याला समुद्र आहे आणि बंदर आहे. हुकूमशहा गेला तेव्हा खालाने ऑफिसात खजूर वाटले होते. मग संक्रमणकालीन सरकार आलं, निवडणूक होणार असं ठरलं, आणि निवडणुकीआधीच बंदूकवाले दोन गट एकमेकांवर उलटले. खालाची म्हातारी आई बंदरापासून चार तासांवरच्या गावात अडकली. बंदरापर्यंत पोचली की बोट होती. व्हिसा तयार होता, संपला की खाला नवा काढायची. शारजातल्या तिच्या खोलीत दुसरी खाटही आली होती, गादीवरचं प्लास्टिक न काढलेली. अडत होतं ते फक्त रस्त्यावर. नाक्यावरचे बंदूकवाले माणसं सोडत नव्हते.

अशात त्याच देशाच्या परिषदेचं काम आमच्या कंपनीला मिळालं. तीन दिवस, अबुधाबीतलं एक हॉटेल, दोन्ही गट, शेजारचे चार देश, बँकवाले आणि बंदरवाले. शांतता आणि आर्थिक सहकार्य. पहिला अख्खा दिवस नावाच्या पाट्यांवर गेला. एका गटाची पाटी दाराजवळ आली म्हणून ते रुसले, दुसऱ्याचा झेंडा दोन बोटं बुटका निघाला. मी गुडघ्यावर बसून झेंड्याच्या दांड्या मोजत होते आणि मनात म्हणत होते, माणसं तिकडे पाला उकळून खातायत रे.

शेवटच्या दिवशी जे संयुक्त निवेदन निघणार होतं ते आधीच लिहून तयार होतं. हे मला नवीन होतं. आमच्याकडे आधी भांडतात, मग लिहितात. आठ पानांचा मसुदा होता. त्यात क्रेन, जकात, गोदामं, गुंतवणूक, आणि अकराव्या कलमात, क्रेन आणि जकात यांच्यामध्ये, एक वाक्य. बंदराकडे जाणारे रस्ते मालवाहतुकीसाठी आणि नागरिकांसाठी खुले राहतील.

मराठीत मोजले तर दोनच शब्द. आणि नागरिकांसाठी.

खालाने मला ते वाक्य चहाच्या टेबलापाशी दाखवलं. "कुणी घातलं असेल?" मी विचारलं.

"कुणीतरी ज्याला आई आहे," ती म्हणाली आणि ओठांवर बोट ठेवलं.

त्या बोटाचा अर्थ मी माझ्या घरच्या हिशेबाने लावला. मला वाटलं, ती घाबरली आहे. इतकी वर्षं हुकूमशहाखाली काढली की माणूस आपल्या हक्काचं वाक्यसुद्धा कुजबुजत वाचतो, असं मला वाटलं. आणि भीतीवर आमच्या घरात एकच औषध होतं, जाड अक्षरात छापणे.

दुसऱ्या दिवशी पाहुणे फुजैराच्या बंदरावर गेले, तिथल्या तेलाच्या टाक्या आणि धक्के बघायला. सर म्हणजे आमचे मॅनेजर, मूळचे कोथरूडचे, वीस वर्षं इथे. माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "अगं, फोल्डरला वरती एक-पानी समरी लागेल. आठ पानं कोण वाचतंय? पाच पॉइंट टाक, लोगो टाक, खलास."

"कोणते पाच, सर?"

"तूच बघ की. राज्यशास्त्रात एमए ना तू? आणि भाषण नको ठोकूस, प्लीज."

त्या दुपारी मी जेवढी सुखी होते तेवढी इथे आल्यापासून कधीच नव्हते. इतकी वर्षं शिकलेलं अखेर कामाला येत होतं. कोरं पान समोर होतं आणि मुख्य मागणी मला ठाऊक होती. पहिला मुद्दा, सगळ्यात वर, जाड अक्षरात: नागरिकांसाठी बंदराचे रस्ते खुले. क्रेन आणि जकात खाली. सरांनी लोगो सरळ आहे का ते पाहिलं आणि "यल्ला, चल, प्रिंट," म्हणाले. खालाला मी मुद्दाम सांगितलं नाही. सकाळी टेबलावर ठेवल्यावर तिला दिसेल, तिचा चेहरा बघायचा, असं मनात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीला टेकून उभी होते, कानात इंग्रजीचं यंत्र. समोर काचेच्या केबिनमध्ये खाला. फोल्डर उघडले. एका गटाच्या पांढऱ्या मिशांच्या गृहस्थाने चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, हॉटेलची पेन्सिल उचलली आणि ओळीभोवती सावकाश गोल काढला. मग शेजाऱ्याला दाखवला. मग माइकचं बटण दाबलं.

तो अरबीत बोलला. माझ्या कानात खालाचा आवाज आला. "हा मुद्दा प्रथमस्थानी पाहून आम्हाला आश्चर्य वाटलं. मूळ मसुद्यातला 'आणि नागरिकांसाठी' हा उल्लेख सुरक्षेच्या दृष्टीने अकाली आहे. तो वगळावा."

एक अक्षर अडखळलं नाही. ते तिचं काम होतं.

अध्यक्षांनी दुसऱ्या गटाकडे पाहिलं. तेही कुजबुजले. पुन्हा माझ्या कानात खाला म्हणाली, "आमची हरकत नाही."

तीन दिवसांत दोन्ही गटांचं पहिल्यांदा एकमत झालं आणि टाळ्या पडल्या. मी ओरडू शकले असते. सोलापुरात ओरडलेच असते. इथे माझ्या गळ्यात कंपनीचा पट्टा होता, हातात जादा फोल्डर होते, आणि ओरडून नेमकं काय म्हणायचं तेही मला सुचलं नाही. ते पान माझंच होतं.

पत्रक वाचणारा चालत असतो. निवेदन वाचणारा बसलेला असतो आणि त्याच्या हातात पेन्सिल असते. काय ठेवायचं हे तो बघतच नाही, काय काढायचं तेवढं बघतो. आतल्या अकराव्या कलमापर्यंत त्याचा डोळा पोचला असता का, मला माहीत नाही. हे मला कधीच कळणार नाही.

दुबईला परतताना कंपनीच्या गाडीत मी तिच्या शेजारी बसले.

"खाला, ते पहिल्या पानावर मी घातलं होतं."

"माहीत आहे. असं दुसरं कोण लिहिणार?"

"मला वाटलं तू घाबरलीस."

"नाही, बिंती. मी लपवत होते."

मग ती म्हणाली, "ते दोन शब्द राहिले असते तरी त्यांनी ते पाळले असते, असं कुठे आहे?" हे ती माझ्यासाठी म्हणाली की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही. ड्रायव्हरला तिने एसी कमी करायला सांगितलं. मला थंडी वाजत होती, ते तिच्या लक्षात आलं होतं.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग सह्यांची मोहीम काढा."

"इथे तसं करता येत नाही, बाबा."

"बरं, त्या बाईंच्या नावाने एक निवेदन—"

"तिची आई तिथे आहे, बाबा."

"हं," ते म्हणाले. माझ्या बाबांकडे पुढचं पत्रक नेहमी तयार असायचं. त्यांच्याकडून नुसतं "हं" मी पहिल्यांदाच ऐकलं.

निवेदनाचा मालवाहतुकीचा भाग मात्र खरा ठरला. महिन्याभरात त्या रस्त्यावरून ट्रक धावायला लागले. सिमेंट जातं, साखर जाते, पंपाचे सुटे भाग जातात. नाक्यावर ट्रकमधून माणसाला उतरवतात आणि ट्रक पुढे जातो. खाला ते व्हिडिओ मोबाइलवर थांबवून बघते. एकात तिला गावातल्या पिठाच्या गिरणीचं छप्पर दिसलं.

गेल्या रविवारी मी शारजाला तिच्याकडे गेले. बसायला जागा म्हणजे ती दुसरी खाट, बसलं की प्लास्टिक कुरकुरतं. ओळखीचा एक ट्रकवाला बंदरावरून गावात आईसाठी औषधं न्यायला तयार झाला होता. फोन तिकडे लागत नाही, म्हणून खालाने चिठ्ठी लिहिली होती, पानभर. आईला वाचता येत नाही, शेजारीण वाचून दाखवेल. लिहिलेला कागद दिसला तर नाक्यावर औषधांचा अख्खा डबा काढून घेतात, असं ट्रकवाला म्हणाला होता.

"तुला घड्या घालता येतात ना," ती म्हणाली. "लहान कर. अजून लहान."

मी तिहेरी घडी घातली, मग आडवी तिहेरी, मग आणखी एक. पट्टी नव्हती म्हणून नखाने दाबली. चिठ्ठी काडेपेटीपेक्षाही लहान झाली. ती डब्याच्या तळाशी ठेवली, वर कापूस, कापसावर रक्तदाबाच्या गोळ्या. खालाने झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि कुठून काही दिसतंय का ते डबा तिरका करून पाहिलं.

"दिसत नाही," मी म्हणाले.

"इन्शाल्ला," ती म्हणाली.