ताऱ्यावरची हळद

ड्रेस्डेनला उतरले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. वहिनी स्टेशनवरच म्हणाली, घरी नंतर जाऊ, आधी फेस्टला (देशोदेशीच्या लोकांची जत्रा) मराठी टेबल मांडायचंय. मी लगेच पदर खोचला. नुसतं पाहुणी म्हणून बसणं मला कधी जमलंच नाही.

मैदानावर तिने खोक्यातली डेके (टेबलावरची चादर) अंथरायला सांगितली. मी नेमकं शेजारच्यांचं खोकं उघडलं. आत सुरेख निळं कापड होतं. मधोमध फुलांचा हार, त्यात राखाडी दगडी खांब, खांबावर पांढरा तारा. झालं, अंथरलं आणि वर पोह्यांचं पातेलं ठेवलं. पातेलं कललं, हळदीचं तेल थेट ताऱ्यावर ओघळलं.

"फाने, फाने," करत शेजारची तरुणी धावत आली. फाने म्हणजे झेंडा, हे वहिनीने सांगितलं. घाबरून मी डागाला साबण चोळला. जन्म स्वयंपाकघरात गेला माझा, तरी! डाग लालभडक झाला.

तिचं नाव रोझा. इथे शिकायला आलेली, प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावरची. झेंडा तिच्या आईने शिवलेला, आणि थोड्याच वेळात मिरवणुकीत तो तिला धरायचा होता. निळा म्हणजे समुद्र, तिने शांतपणे सांगितलं. खांब म्हणजे लात्ते, त्यांच्या पूर्वजांची घरं अशा दगडांवर उभी असत. तारा म्हणजे त्यांचा प्रदेश, आज अमेरिकेच्या छत्राखालचा. आधी झेंड्यावर एवढंच होतं. बेटावरच्या दुसऱ्या समाजाचा फुलांचा हार नंतर आला.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हटलं, "आमच्यात हळद शुभ असते गं, मनाला लावून घेऊ नकोस."

"अहो वन्सं, राहू द्या," वहिनी पुटपुटली, पण मी हट्टाने तिला ते जर्मनमध्ये सांगायला लावलं.

रोझा जरा हसली. "स्पॅनिश आले, मग इथले जर्मन, मग जपानी, मग अमेरिकन. सगळ्यांनी आमच्यासाठी शुभच आणलं होतं. विचारलं मात्र कोणीच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाल डागाचा तारा घेऊन ती मिरवणुकीत ताठ चालली. मी पातेल्यामागे मान खाली घालून पोहे वाढत राहिले.

पुण्याला परतल्यावर वहिनीने त्या झेंड्याचा फोटो पाठवला. उन्हात वाळवून डाग बराच उडाला होता. प्रवासाचे फोटो मी एरवी लोकांना बळेच दाखवते. हा कोणालाच दाखवला नाही.

परवा समोर राहायला आलेली बाई पहिल्यांदा घरी आली. निघताना सवयीने करंडा उघडला, हळदीचं बोट तिच्या कपाळापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले.

"लावू का?" मी विचारलं.