एकच गिऱ्हाईक

फरीदाबादच्या आमच्या छोट्या कारखान्यात पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या रबरी रिंगा बनतात. सगळा माल गुडगावच्या एकाच कंपनीला जातो. गेल्या हिवाळ्यात त्या कंपनीने पुरवठादार कमी करायचं ठरवलं आणि कोणाला ठेवायचं ते पाहायला एका साहेबांना पाठवलं. आदल्या रात्री मी हिशेबाच्या वह्या तीनदा तपासल्या. नवऱ्याने फरशी घासून घेतली, मशीनवर नव्या पाट्या लावल्या आणि वर मलाच म्हणाला, "तू यार उगाच घाबरतेस."

साहेब निघाले मराठी. झालं! इथे कोणी मराठी भेटलं की आमच्या ह्यांची जीभ सैल सुटते. हिंदीत हा माणूस तोलूनमापून बोलतो, मराठीत मात्र पोटातलं सगळं ओठावर. माझा जीव आणखीच टांगणीला लागला.

माल पाहून साहेब खूश दिसले. चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "आणखी कोणाला माल देता?"

"छे! बाकीच्यांना सरळ नाही म्हटलं," नवरा छाती फुगवून म्हणाला. "आम्ही बिल्कुल तुमचेच."

साहेबांनी उचललेलं बिस्कीट परत बशीत ठेवलं. "म्हणजे उद्या आमची ऑर्डर अर्धी झाली तर तुम्ही बुडणार. आणि तुम्ही बुडालात की आमचं काम ठप्प. असा व्हेंडर मी वर कसा सुचवू, सांगा? आधी दुसरं गिऱ्हाईक आणा. मार्चपर्यंत थांबतो."

एकाच गिऱ्हाइकाशी इमान राखल्याचा इतकी वर्षं अभिमान वाटला, त्या इमानानेच घात केला. रागही आला, पण काढणार कोणावर? गिऱ्हाईक काय करोल बागेच्या बाजारात टांगलेलं असतं, की जाऊन घेऊन यावं? बाहेर आमची माणसं डबे उघडून जेवत बसली होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्याच आठवड्यात आम्हाला कच्चं रबर देणारे दिल्लीतल्या बवान्याचे गृहस्थ पुढची ऑर्डर विचारायला आले. मी चहा पुढे केला. ते हसून म्हणाले, "भाभीजी, हम तो बस आपका ही माल बनाते हैं."

हे त्यांचं नेहमीचंच बोलणं. आजवर ते ऐकून बरं वाटायचं, या वेळी साहेबांनी परत ठेवलेलं बिस्कीट आठवलं. हे बुडाले तर आम्ही रबर आणणार कुठून?

"भाईसाहब," मी म्हटलं, "कोई दूसरा ग्राहक भी देख लीजिए."

त्यांनी कप खाली ठेवला.

"हमसे कोई गलती हो गई क्या?" त्यांनी विचारलं.