कॉफीसाठी नाशिकला

सकाळची एसटी माझ्या डोळ्यांदेखत फाट्यावरून निघून गेली. निफाडजवळच्या आमच्या गावाहून नाशिक म्हणजे काही परदेश नव्हे. लग्नाचे बस्ते, दवाखाना, पोरीचं कॉलेज, सगळ्यासाठी मी या रस्त्याने गेले आहे. पण निव्वळ कॉफी आणायला नाशिकला निघालेली आमच्या गावातली मीच पहिली असेन. संध्याकाळी पाहुणे येणार होते आणि त्याआधी मला घरी पोचायचं होतं.

माझी मुलगी मयूरी पुण्यात नोकरी करते. तिने तिच्याच ऑफिसातला कार्तिक पसंत केला. मुलगा म्हैसूरकडचा. दिवाळीनंतर तो आईवडिलांना घेऊन आमच्याकडे आला. पोहे झाले, चहा झाला. सगळ्यांचे कप रिकामे झाले, कार्तिकच्या आईचा तेवढा भरलेलाच राहिला. वर साय धरली. आमच्याकडे चहाचा कप तसाच ठेवून उठणं म्हणजे तुमच्याशी संबंध नको, असं तोंडावर सांगणं. माझ्या नवऱ्याने त्या कपाकडे पाहिलं आणि गाडी गेटबाहेर पडताच म्हणाले, "ज्यांना आमचा चहा चालत नाय, त्यांना आमची पोरगी काय चालणार?"

त्यांना चहा सोसत नाही, त्यांच्या घरी सगळे फिल्टरची कॉफी पितात, असं मयूरीने परोपरीने सांगितलं. हे ऐकेनात. दोन महिने बापलेकीत धड बोलणं नव्हतं. शेवटी "एकदा परत येऊ दे, मग काय ते सांगतो," इथवर गाडी आली. मयूरी म्हणाली, मी पुण्याहून कॉफी आणते. मीच नको म्हटलं. पाहुण्यांनी आपलं प्यायचं आपण घेऊन यायचं? मग तर यांनी गेटसुद्धा उघडलं नसतं.

गावातल्या दुकानात दोरीला लटकलेल्या छोट्या पुड्या मिळतात. एकादशीला ती पूड दुधात उकळून, वर जायफळ किसून आम्ही पितो. मला आजवर तेवढीच कॉफी ठाऊक.

एसटी गेली म्हणून काळी-पिवळीत (माणसं भरली की सुटणारी जीप) बसले. ती काही भरेना.

"दादा, काढा की गाडी आता."

"दोन शीटं येऊ द्या मावशी, लगेच काढतो."

त्याचं 'लगेच' फार ऐसपैस निघालं. एकदाची सुटली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घडांना कागद गुंडाळायचं काम जोरात चाललेलं. एरवी मी मान वळवून वळवून बघते, कुणाचा माल कसा आहे ते. त्या दिवशी नजर सारखी घड्याळाकडे जात होती. नाशकात शिरताना द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या, तेव्हा वाटलं उतरून चालत सुटावं.

कॉलेज रोडच्या त्या मोठ्या मॉलमध्ये शिरले तर गार वाऱ्याने अंगावर काटा आला. आमच्या गावच्या अख्ख्या दुकानाएवढी एक भिंत नुसत्या कॉफीची! काचेच्या बाटल्या, चकचकीत पाकिटं, डबे. एकीत दूध-साखर आधीच घातलेली. एकीतलं कॅफीन म्हणे काढून टाकलेलं. मग ठेवलं काय, देव जाणे. मयूरीला फोन लावला, लागला नाही. ती पाहुण्यांच्याच गाडीत होती, घाटात कुठेतरी.

सगळ्यात रुबाबदार पाकीट उचललं आणि रांगेत उभी राहिले. सहज दाबून पाहिलं तर आत टपोरे दाणे. घरी काय जात्यावर दळू? रांग सोडून परत भिंतीपाशी आले.

"काकू, ही घ्या ना," तिथली गणवेशातली मुलगी म्हणाली. "हिच्यावर मग फ्री आहे."

"मग नको गं बाई, मला फिल्टरची पाहिजे."

शेजारी हाफ पँटीतले एक गृहस्थ होते. न विचारता म्हणाले, "चिकोरी असलेली मुळीच घेऊ नका. ती भेसळ असते."

चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांची बायको ट्रॉलीमागून म्हणाली, "अहो, साउथवाले तीच पितात. तुम्हाला काय कळतं?"

दोघांचं जुंपलं. माझ्या एका हातात चिकोरीचं पाकीट, दुसऱ्यात बिनचिकोरीचं. त्या थंडगार दुकानात मला घाम फुटला. खोटं कशाला सांगू, रडूच येत होतं. पोरीचं लग्न या दोन पाकिटांत अडकलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, चिकोरीवाली पूड घे. आणि ऐक, दुधात उकळू नकोस हं—"

तिथेच फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

परतीची एसटी पळत जाऊन पकडली. पाकीट पदराखाली आणि डोक्यात एकच विचार, न उकळता कॉफी करायची कशी? शेजारच्या बाईंना विचारलं.

"कॉफी? आम्ही नाय बाई पीत. लय पित्त होतं," त्या म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

घरी पोचले तर पाहुण्यांची गाडी दारात! बाहेर बैठकीत कुणी बोलत नव्हतं. स्वयंपाकघरात पाहते तर यांनी स्वतः चहाचं आधण ठेवलेलं. जन्मात कधी गॅस न पेटवणारा माणूस! मी चटकन गॅस बंद केला.

मागून मयूरी आली. "फिल्टर आणलास?"

"फिल्टरची पूड आणली की!"

"अगं, त्याचं भांडं असतं. त्यात पूड घालून वरून गरम पाणी सोडायचं."

मला चक्का टांगायचं फडकं आठवलं. स्वच्छ धुतलेल्या फडक्यात पूड घातली, मयूरीने वरून पाणी सोडलं. थेंब थेंब काळं पाणी खाली उतरू लागलं. त्यात गरम दूध घातलं. माझा हात जायफळाकडे गेला होता, तो मागे घेतला.

ट्रे घेऊन बाहेर गेले. हे म्हणाले, "पाहुण्यांना जे, तेच मला." कार्तिकच्या आईंनी कप उचलला, वास घेतला, डोळे मिटून घोट घेतला आणि माझ्याकडे बघून हसल्या. घोटाघोटाने कप संपवला. मी श्वास सोडला, तोच यांच्याकडे लक्ष गेलं. एका घोटातच तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. कप हातात, पण पुढे काही सरकेना. आता सगळ्यांची नजर त्या कपावर.

कार्तिकच्या आई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "भैया, अच्छा नहीं लगा तो छोड़ दो. हमारे में कोई बुरा नहीं मानता."

यांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. दिवाळीनंतरचा तो साय धरलेला कप त्यांनाही आठवला असणार. मयूरीने माझा हात घट्ट धरला.

"नाय ताई," हे म्हणाले. "आमच्यात कप सोडत नाय." आणि तळाच्या गाळासकट सगळी कॉफी पिऊन रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला.

पाहुणे गेल्यावर मी कप विसळत होते. हे दारात येऊन उभे राहिले. उरलेलं पाकीट उचलून त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"याचं तोंड नीट बांधून ठेव."

"कशाला? तुम्ही तर काही पिणार नाही."

"हवा लागंल त्याला," ते म्हणाले. "परत येतील ना आता ती माणसं."