ओव्हाळ साहेबांनी न दिलेला अर्ज

ओव्हाळ साहेब सकाळी फिरायला निघत ते खिशात खडू घेऊन. एखादी गाडी बरेच दिवस हललेली नाही अशी शंका आली की वाकून टायरवर रेघ ओढायची, तीच खाली डांबरावर उतरवायची आणि शेजारी तारीख घालायची. पुसट झाली तर गिरवायची. महिन्याने दोन्ही रेघा जुळलेल्याच दिसल्या की गाडी बेवारस. मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं वाकलेलंच, माझ्या मॅटॅडोरच्या चाकापाशी.

माझी म्हणते, पण गाडी माझी नव्हती. संगणक कंपनीच्या पोरांना हिंजवडीला ने-आण करणाऱ्या एका कंत्राटदाराची होती. कंत्राट सुटलं, तशी त्याने ती आमच्या वारज्याच्या गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि पुन्हा फिरकला नाही. मी यवतमाळकडची. आठवीतून शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागे पुण्याला आले. नवरा तापाने गेला आणि मी इथेच राहिले. त्या गाडीच्या आडोशाला इस्त्रीचं टेबल लावलं, आत कपड्यांची गाठोडी ठेवली. पाऊस आला तर कपडे कोरडे राहत. एवढ्या एका सोयीवर माझं घर चालत होतं.

म्हणून ती रेघ पाहिल्यावर मी साहेबांवर नजर ठेवली. ते काय करतात ते सगळं बघून ठेवलं. महिना भरत आला तेव्हा टायरवरची रेघ ओल्या फडक्याने पुसली आणि वीतभर पुढे दुसरी ओढली. गाडी हलली असं दिसावं म्हणून.

साहेब आले. चष्मा वर करून बघत राहिले. मग बाकीच्या तीन चाकांभोवती फिरून आले.

"सुमनबाई, गाडी चालली म्हणायची."

"हो जी साहेब."

"एकच चाक चाललं. बाकीची तीन मागे राहिली. आणि खालचं गवत मोडलंसुद्धा नाही. पुण्यात गाड्या आता अशा चालतात का?"

मी रडायलाच लागले. "परवाना हाती येऊ द्या जी. मंग खुशाल न्या."

"कुठला परवाना? अर्ज केलाय?"

केला नव्हता. कसा करतात तेही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणला, माझ्याकडूनच लिहून घेतला, चार ठिकाणी चुकले तर चार वेळा नवा कागद दिला. पथारीच्या परवान्याचा तो अर्ज द्यायला माझ्याबरोबर आले. खिडकीवर मी कागद देऊन परत फिरले तर म्हणाले, "अहो, पोच घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे प्रेमपत्र. त्याचं उत्तर येतंच असं नाही."

टेलिफोन खात्यात कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. बोलणं तसंच, मोजकं आणि टोचणारं. एका बंगलेवाल्याने त्यांना दरडावलं होतं, "खडू कसला मारता? गाडी बेवारस नाही, आमच्या वडिलांची आहे." साहेब म्हणाले, "मग वडिलांना कळवा. तिच्यात उंदरांची तिसरी पिढी झाली." गल्लीत नव्या गाड्या येऊ लागल्या, एकेका घरापुढे दोन-दोन. त्यावरही बोलत. "घ्यायला कर्ज मिळतं आणि टाकायला रस्ता मिळतो. प्रगती आहे." मला मात्र एकदा वेगळ्याच आवाजात म्हणाले होते, "कायदा आपल्यासारख्यांसाठी लिहिलाय, सुमनबाई. वापरला नाही तर गंजतो."

आणि तरीही माझ्या मॅटॅडोरचा अर्ज त्यांनी दिला नाही. दर महिन्याला येत, चाकाकडे बघत आणि पुढे जात. मला बरं वाटे. त्यांना काय वाटत असेल ते मी कधी विचारलं नाही.

परवान्याचं काम चालू होतं, तेवढ्यात एका दुपारी शैलावहिनींच्या छातीत कळ आली. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. पुण्यात मला कपड्यांचा पहिला गठ्ठा त्यांनीच दिला होता. रुग्णवाहिका आली, पण एका बाजूला मॅटॅडोर, समोर दोन नव्या गाड्या. आत येईना. त्यांच्या यजमानांनी आणि शेजाऱ्यांनी वहिनींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणलं. माझ्या टेबलासमोरून नेलं. मी इस्त्री हातात धरून उभी होते. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या.

तेराव्यानंतर गल्लीतल्या लोकांची बैठक झाली. एकाने विचारलं, "ओव्हाळ, अख्ख्या वारज्याचे टायर रंगवलेत. ही गाडी दिसली नाही?"

"दिसली."

"मग? त्या इस्त्रीवालीने अडवलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही. त्यांनी मला केव्हाच सांगितलं होतं, गाडी न्या म्हणून. आळस माझा. अर्ज राहून गेला."

ते खोटं होतं. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं एकच खोटं. मी दारात धुतल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी होते. बोलले असते तर टेबल गेलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच मी गप्प होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. गाडीवर नोटीस लागली, मुदत संपली, क्रेन आली. पंचनाम्यावर साहेबांनी पंच म्हणून सही केली. मॅटॅडोर उचलताना खाली चार चौकोनी कोरडे डाग राहिले. ते म्हणाले, "परवाना मिळेल. पाठपुरावा सोडू नका." आणि घरी गेले. त्यानंतर ते सकाळी फिरताना दिसले नाहीत. गल्लीत त्यांच्याशी आपणहून कोणी बोलत नसे. परवाना आला, तो दाखवायला मी गेले तर त्यांनी कागद उलटसुलट वाचला, शिक्का बघितला, "छान" म्हणाले. चहा दिला. मीच बोलायचं होतं. चहा पिऊन आले.

दीड वर्षाने ते गेले. बुद्धविहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गल्लीतले मोजकेच आले होते. त्यात शैलावहिनींचे यजमान होते. बाहेर चपला घालताना मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. गाडी माझ्यासाठी ठेवली होती, मीच हात जोडले होते, साहेब खोटं बोलले.

त्यांनी एक पाय चपलेत घातला होता, दुसरा तसाच बाहेर राहिला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "सगळ्यांनाच कळलं होतं. त्या दिवशी आमच्याही घरचे कपडे त्याच गाडीत होते, बाई. आमच्यातल्या कुणी अर्ज केला?"

मग विचारलं, "आता कुठे बसता?" मी जागा सांगितली. "कपडे पाठवतो," म्हणाले.

पाठवले नाहीत. मी आठवडाभर त्यांच्या गठ्ठ्यासाठी टेबलाचा एक कोपरा रिकामा ठेवला होता.