सुपडूनाना आणि डावा बॅक

सुपडूनाना कधीही आधी बोलत नसत. बाहेरगावी मॅच असली की आदल्या संध्याकाळी भुसावळच्या आमच्या रेल्वे कॉलनीत, मैदानाकडेच्या सिमेंटच्या बाकावर आमची बैठक भरायची आणि अकरा जण कोण खेळणार यावर कडाक्याचं भांडण व्हायचं. संघ निवडायचा अधिकार सेक्रेटरीचा. पण आम्हाला कोण विचारतो म्हणून गप्प बसणाऱ्यातले आम्ही नव्हतो. लोको शेडमधले फिटर कासिमभाई गोलकीपरवरून तोंड उघडायचे, पार्सल ऑफिसातला मी सेंटर फॉरवर्डवरून, आणि नाना मांडीवर हात ठेवून ऐकायचे. ‘‘तू आगोदर बोल, मंग मी बोलस,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी त्यांनी मान हलवली की आमच्यापुरतं ते नाव पक्कं.

नाना पॅसेंजर गाडीचे ड्रायव्हर. मूळचे धुळ्याकडले. पंचवीस वर्षं भुसावळात काढली तरी घरची अहिराणी त्यांनी सोडली नाही. फोरमनशीसुद्धा ‘तुले-माले’ करूनच बोलत. फुटबॉलला आयुष्यात पाय लावला नव्हता, पण वेड असं की ड्युटीवरून उतरले की घरी न जाता काळ्या हातांनी थेट मैदानावर. अलीकडे तर चेंडूला पाय कसा लागला हे ते नुसत्या आवाजावरून सांगू लागले होते. ‘‘हाऊ बोटना आवाज शे, पंजाना नही,’’ म्हणायचे, आणि ते बरोबर निघायचं. आम्ही म्हणायचो, काय कान आहे नानांचा.

एकदा जळगावला आम्ही चार गोलांनी मार खाल्ला. परतीच्या गाडीत सगळे गोलकीपरला शिव्या घालत होते, त्यात मी सर्वांत पुढे. नानांनी आपला डबा उघडला आणि कळण्याची भाकरी नि ठेचा त्या पोराच्या पुढ्यात सरकवला. ‘‘त्याले आगोदर खाऊ द्या. हारेल मानूसले भूक जास्त लागस,’’ म्हणाले. पोरगं खाता खाता रडलं आणि आमची तोंडं आपोआप बंद झाली. नाना हे असे होते.

त्या वर्षी धुळ्याच्या मॅचआधी वाद होता डाव्या बॅकचा. पीटर जुना, भरवशाचा. माझा धाकटा भाऊ अशोक नवा. मी कुणाच्या बाजूचा हे सांगायला नको. नाना मात्र पीटरवर अडून बसले होते. दोन आठवडे मी घसा कोरडा केला, पण त्यांची मान काही हलेना.

मॅचच्या आदल्या दिवशी सकाळच्या सरावात पीटरचा घोटा मुरगळला. संध्याकाळी पायाला ही भलीमोठी पट्टी बांधून तो आमच्या बाकासमोर, दहा पावलांवर, गवतात पाय पसरून बसला होता आणि मैदानात त्याच्या जागी अशोक खेळत होता. नाना ड्युटी संपवून आले, बसले; सकाळचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मला चेष्टा सुचली. आधी बोलायचं काम माझंच होतं. ‘‘नाना, पीटर आज काय खेळतोय बघा,’’ मी म्हणालो.

नानांनी मैदानाकडे बघितलं. चांगलं डोळे बारीक करून बघितलं. अशोकनं नुकताच चेंडू अडवून लांब मारला होता.

‘‘पीटर तो पीटरच शे,’’ नाना म्हणाले. ‘‘तुना अशोकले हाई जमाव नही.’’

कासिमभाई पोट धरून हसले. ‘‘अरे नाना, मैं इधर बैठा है,’’ पीटर म्हणाला, तोही हसत होता. मग नानाही हसले. पण ते हसले पीटरच्या मागच्या कडुनिंबाकडे बघून. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

मला वाटलं होतं, नाना खेळ न बघताच पीटरची बाजू घेतात एवढं सिद्ध होईल आणि आठवडाभर त्यांना चिडवायला मिळेल. हे भलतंच निघालं. दहा पावलांवरचा माणूस त्यांना ओळखू आला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळची चाळीसगाव पॅसेंजर नानाच चालवणार होते. आमचा संघ त्याच गाडीनं निघणार होता; चाळीसगावला बदलून पुढे धुळ्याला.

घरी परतताना मी त्यांच्याबरोबर चाललो. आडून आडून विचारलं, ‘‘नाना, इंजिनात सिग्नल कोण बघतं?’’

‘‘दोन्हीजन. असिस्टंट मोठ्यानी सांगस, ‘होम सिग्नल हिरवा’. मंग मीबी सांगस, ‘होम हिरवा’. तसा नियमच शे.’’

बोलले आणि चालता चालता थांबले. आधी दुसरा सांगतो, मग आपण, हे बोलून गेल्याचं त्यांना कळलं होतं, मलाही कळलं होतं. ड्रायव्हरांची डोळेतपासणी व्हायची, पण त्यांची पुढची पाळी यायला अजून अवकाश होता. ‘‘चहा पिशी का?’’ नानांनी विचारलं. नको म्हणालो आणि घरी आलो.

फोरमनचं घर आमच्यापासून तीन ओळी पलीकडे होतं. मी गेलो नाही.

सकाळी स्टेशनवर पोरं गळ्यात बूट अडकवून हजर होती. मीही तिकीट काढून उभा होतो. समोरून नाना आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात ड्रायव्हरची पेटी नाही. इंजिनावर दुसराच माणूस चढत होता. रात्रपाळी करून आलेल्या कासिमभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, नाना पहाटे शेडमध्ये येऊन फोरमनसमोर उभे राहिले. ‘‘माले सिग्नल दिसत नही. मना नाव काढी टाका,’’ म्हणाले. कधीपासून दिसत नाही, तर दिवाळीपासून, तेही सांगितलं. असिस्टंट पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं, हेसुद्धा आवर्जून सांगितलं. दिवाळी होऊन चार महिने झाले होते.

नाना आमच्याबरोबर डब्यात बसले, माझ्यासमोर. पाचोरा गेल्यावर पुढे वाकून, पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, ‘‘काल तुले समजनं ना?’’

‘‘हो.’’

‘‘मंग कोनले सांगं?’’

‘‘कुणाला नाही.’’

‘‘घरमाबी नही?’’

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसेल म्हणून तोंडानं ‘नाही’ म्हणालो.

‘‘अरे, तुना भाऊ शे ना गाडीमा,’’ नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते हादरले होते, माझ्यामुळे. ‘‘मना तं पोटना सवाल व्हता, मी लपाडं. तू काबर गप बसना?’’

पुढे चौकशी झाली, नाना इंजिनावरून कायमचे उतरले आणि एका ऑफिसात कागद इकडून तिकडे नेऊ लागले. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी गेले. तोवर आम्ही त्याच बाकावर बसून पुष्कळ संघ निवडले. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

मी मात्र उत्तरं जुळवत राहिलो. असिस्टंट होताच की. नाना स्वतःच सांगतील असं वाटलं होतं. एकही खरं नाही. खरं एवढंच की मला भीड पडली. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाचं मन कसं मोडायचं, ही भीड. त्या भिडेपायी त्या सकाळी, इंजिनावर नाना नाहीत हे कळायच्या आधी, मी गर्दीत घुसून अशोकला खिडकीजवळची जागा पकडून दिली होती.